अकरा नावं अन् मालनबाईची घागर

मालनबाईचा उजवा हात मनगटात वाकडा होता. लहानपणी चिंचेवरून पडली. वैदूनं बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड जुळलं, पण त्याच्या मर्जीनं जुळलं. "माझा हात चुडाव्याकडं चालतो अन् पंजा पुर्णेकडं," असं तीच हसत सांगायची. चुडावा तिचं माहेर, पुर्णा त्याच्या शेजारचं स्टेशन. वडील तिथं रेल्वेच्या रुळावर गँगमन होते. बाप रूळ तपासत पुढं जायचा तेव्हा ही स्टेशनावरच्या गावाच्या पाटीखाली बसून राहायची. त्या पाटीवरची तीन अक्षरं तिला शेजारच्या शेळ्यांसारखी ओळखू यायला लागली. पुढं त्यांच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळचा वर्ग निघाला, तिथं बाकीची अक्षरंही ओळखीची झाली. लग्न होऊन ती आमच्या गावात नागनाथच्या घरी आली तेव्हा हिला वाचता येतं हे गावाला माहीतच नव्हतं. कोणी विचारलं नाही, अन् न विचारता सांगत सुटायची तिला सवय नव्हती.

मी दुसरीतून शाळा सोडली. मला माझं नाव लिहिता येतं, तेही कोणी घाई केली नाही तर.

आमचं गाव पोखर्णीपासून दोन कोसावर. बहात्तर सालचा दुष्काळ पडला तेव्हा गावाबाहेर सरकारनं रस्त्याचं काम काढलं. पुरुषांनी खदानीतून दगड काढायचे, बायांनी त्यांची खडी फोडायची. ज्यांच्या घरी चार बैल होते त्यांच्या बायाही आल्या अन् ज्यांच्या घरी चूल एकदाच पेटायची त्याही आल्या. पोलीस पाटलाची बायको कस्तुराबाईसुद्धा आली. ती पदर नाकापर्यंत ओढून बसायची, म्हणजे आपण आलोच नाही असं रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं. पण तिचा आवाज असा की सगळ्या गावाला ती आली हे कळायचं.

आमच्या टोळीत बाया वीस. मालनबाईला हातोडी धरता येत नव्हती. पहिल्या दिवशी तिनं दोन दगड फोडायचा प्रयत्न केला, तिसऱ्याला हातोडीच निसटून कस्तुराबाईच्या पायापाशी पडली. मग तिला पाणी वाटायचं काम दिलं. बैलगाडीवरून पिपं यायची. त्यातून घागर भरायची, डाव्या कडेवर घ्यायची अन् जर्मनच्या तांब्यानं एकेकीच्या ओंजळीत पाणी ओतत फिरायचं. हजेरी पुरी मिळायची. तिच्या घरी दोन लेकरं, म्हातारी सासू अन् नागनाथला दम्याचा त्रास, आठवड्यातून दोन-तीन दिवसच तो खदानीत उभा राहायचा. म्हणजे ती घागर होती तर घरात भाकर होती, असा साधा हिशोब.

आता एक गोष्ट सांगते ती सांगायला मला लाज वाटते, पण सांगितली नाही तर पुढचं कळायचं नाही. मालनबाई बौद्धवाड्यातली. आमच्या काही जणी तिच्या हातचं पाणी पीत नव्हत्या. घरून तांब्या आणायच्या, पदराखाली झाकून ठेवायच्या अन् दुपारपर्यंत त्यातलं पाणी चहासारखं गरम झालं तरी तेच प्यायच्या. त्यात मी एक. ती समोर येऊन विचारायची, "सरजाबाई, पाणी?" मी म्हणायचे, "नको मालन, तहान न्हाई." मे महिन्यात, दगडावर बसून. ती पुढच्या बाईकडं जायची. ती मला तुमी म्हणायची, मी तिला तू म्हणायचे. ती माझ्याहून दोन वर्षांनी थोरली होती हे मला लय उशिरा कळलं.

हजेरी घ्यायला बन्सीधर कारकून होता, सेलूकडचा. माणूस वाईट नव्हता. बाभळीच्या सावलीत टेबल टाकून बसायचा, टेबलावर दगड ठेवून हजेरीपट उघडा करायचा, अन् उन्हात बसलेल्या बायांकडं बघून खरंच हळहळायचा. सकाळी एकदा, दुपारी एकदा नावं वाचायचा, आमी हजर म्हणायचो. नावं वाचून झाली की तो काही नावं तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा अन् त्यांच्यापुढंही खूण करायचा. आमाला वाटायचं, माणूस देवाचं नाव घेतोय.

मालनबाई त्याला पाणी द्यायला जायची तेव्हा हजेरीपट तसाच उघडा असायचा. तो झाकायचं त्याला कारण नव्हतं. वीस बायांत वाचणारी एकही नाही हे त्यानं पहिल्याच दिवशी अंगठे घेताना बघून ठेवलं होतं. मालनबाईनंही अंगठाच दिला होता. मी पुढं तिला विचारलं, सही येत होती तर अंगठा का दिला? ती म्हणाली, "त्यानं शाईची गादी पुढं केली. मला वाटलं, इथला दस्तूर असंल."

तर एक दिवस पाणी देताना तिनं वरून नजर टाकली. आमच्या वीस जणींच्या खाली आणखी अकरा नावं. आमच्याकडं कागदावर बाईच्या नावापुढं 'भ्र.' लिहितात, म्हणजे भ्रतार, अन् मग नवऱ्याचं नाव. त्या अकरा जणींनाही भ्रतार होते. नावं होती, हजेरी होती, नुसत्या बायाच नव्हत्या.

तिनं कारकुनाचा हात बघितला. अंगठा निळा. नुसता अंगठा नाही, सगळी बोटं निळी. त्या अकरा जणींचे अंगठे कुठून आले ते तिला कळलं.

"कारकून साहेब," ती म्हणाली, "तुमाला तर सही येते. मग बोटं का निळी?"

बन्सीधर कारकुनानं पाणी तसंच धरलं. मग हळूच म्हणाला, "मालनबाई, तुमाला वाचता येतं का?"

"चुडाव्याची पाटी येते."

"मग इथलं कुठं बोलू नका. मी एकटा खात नाही. वरपर्यंत द्यावं लागतं."

"वर म्हंजी कुठवर? आभाळापस्तोर? म्हणून तर पाऊस थांबला नसंल?"

कारकून हसला. त्याला वाटलं, हसून प्रकरण मिटलं.

मिटलं नव्हतं, कारण आठवड्यानं सांगावा आला की तपासणीचे साहेब सोमवारी येणार अन् एकेका बाईला समोर उभी करून हजेरी तपासणार. आता अकरा बाया आणायच्या कुठून? कारकुनानं आमच्यातल्याच अकरा जणी निवडल्या. ठरलं असं की आपल्या नावाला हजर म्हणायचं, खडीच्या मोठ्या ढिगाआडून फिरून यायचं, पदर जरा पुढं ओढायचा अन् दुसऱ्या नावाला परत हजर म्हणायचं. बदल्यात सुकडीचा एक जादा पुडा. सुकडी म्हणजे सरकार तेव्हा लेकरांसाठी वाटायचं ते गोडसर पीठ. माझी तीन लेकरं ती सुकडी कोरडीच मुठीनं खायची, मिशा पांढऱ्या करून.

त्या अकरांत मी होते. माझं दुसरं नाव तानुबाई. मी हो म्हणलं. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, माझ्या एका हजरनं कोणाचं काय जातंय. सरकार मोठं, मी बारकी, पुडा त्याहून बारका.

अकरावी मालनबाई, तिला त्यानं शेवटी विचारलं. ती नको म्हणाली.

"नको म्हंजी काय?" कारकून म्हणाला. "सगळ्या तयार आहेत. तुमालाच काय अडचण?"

"आमचा बाप रूळ तपासायचा साहेब. तो म्हणायचा, न तपासता तपासला म्हणून सांगितलं तर मुकादमाला कळत न्हाई, पण गाडीला कळतं."

"इथं कुठं गाडी येणार आहे?"

"रस्ता तर गाडीसाठीच करायलोय न्हवं?"

तेव्हा कारकुनाचा आवाज बदलला. म्हणाला, तुमच्या पाण्याबद्दल तशीही कुजबुज आहे. काही बाया पीत नाहीत, मी डोळे झाकून आहे. सोमवारी तुम्ही ओळीत उभ्या राहिल्या नाहीत तर मंगळवारपासून हातोडी घ्या, नाहीतर घरी बसा. पाणी वाटायला दुसरी मिळेल.

तिच्या वाकड्या मनगटाकडं बघून तो हे बोलला. मी तिथंच टोपली भरत होते, माझ्या कानानं ऐकलं. मालनबाईनं घागर उचलली अन् गेली. मला वाटलं, रडायला गेली असेल. ती पिपावर घागर भरायला गेली होती.

शनिवारी दुपारी भाकरी खाऊन आमी बसलो होतो. मालनबाई फिरत आली. ज्या पीत होत्या त्यांना पाणी दिलं अन् माझ्यापुढं येऊन थांबली. मी नेहमीसारखं म्हणलं, "तहान न्हाई."

"पाण्याचं न्हाई विचारायले. तुमचं अभिनंदन करायला आले."

"कशाचं?"

"तुमी पाटलीण झाल्या. कागदावर तानुबाई भ्रतार व्यंकटराव लिहिलंय. आपल्या गावात व्यंकटराव एकच, पोलीस पाटील."

माझ्या हातातला कांदा खाली पडला. अन् माझ्या मागं कस्तुराबाई बसली होती. तिनं नाकावरचा पदर वर सारला. लग्नानंतर तिचं सगळं तोंड मी तेव्हाच बघितलं असेल.

"कोण झालं पाटलीण?" ती म्हणाली.

"मी न्हाई गं," मी म्हणलं. "कागदावर."

"कागदावर का व्हईना. कवा लागलं लगीन? मला अक्षता बी न्हाई आल्या."

बाया हसायला लागल्या. बिचाऱ्या कारकुनाची चूक एवढीच की त्यानं मनानं अकरा नवऱ्यांची नावं काढली, अन् पोलीस पाटलाला सगळं गाव नुसतं पाटील म्हणतं, कस्तुराबाईच्या नावापुढंही त्यानं 'भ्र. पाटील' एवढंच लिहिलं होतं, म्हणून त्यांचं नाव व्यंकटराव आहे हे सेलूच्या माणसाला ठाऊक नव्हतं. मालनबाई पुढच्या बाईकडं वळली. "कुसुमबाई, तुमचं लगीन सटवाजीशी लागलंय. लोहाराच्या सटवाजीशीच असंल, दुसरा सटवाजी मला तर माहीत न्हाई." कुसुमबाई म्हणाली, "अगं त्याला तर दात बी न्हाईत." मग मनकर्णाला लिंबाजी आला. मनकर्णा विधवा होती, ती म्हणाली, "बरं झालं, कोणी विचारायचंच राहिलं होतं," अन् ती स्वतः इतकी हसली की तिच्याबरोबर आमच्याही डोळ्यांत पाणी आलं.

आमा दहाच्या दहा जणींना तिनं नवरा सांगितला. तोंडानं एक उपदेश केला नाही. लोक म्हणतात की तिनं बायांना भडकवलं. मी तिथं होते. तिनं फक्त अभिनंदन केलं.

हसून झाल्यावर कस्तुराबाईनंच विचारलं, "पण त्या कारकुनाला ह्यातून मिळतं काय?"

तेव्हा मालनबाईनं घागर खाली टेकवली. म्हणाली, "ही एक घागर आपल्या वीस जणीला पुरते. मी उद्या एकतीस जणी लिहिल्या अन् घागर तेवढीच ठेवली, तर प्रत्येकीच्या ओंजळीत किती येईल? खडीचा ढीग बी तसाच. ढीग मोजतात टोळीचा, अन् वाटतात नावावर. ढीग वीस जणीचा. खायला एकतीस."

आमी सगळ्यांनी ढिगाकडं बघितलं. महिनाभर मला वाटत होतं की आपण कमी फोडतो. संध्याकाळी नवऱ्याला सांगायचे, हात चालत नाही हो पहिल्यासारखा. अन् माझा हात चांगला चालत होता.

तरी सोमवारी काय करायचं ते कोणी ठरवलं नाही. पुडा होता, अन् काम जाईल ही फिकीर होती. मनात म्हणलं, त्या वेळेला बघू. आमचं बहुतेक सगळं त्या वेळेला बघू असंच चालतं.

सोमवारी साहेब जीपमधून आले. उंच, सावळे, डोक्याला रुमाल बांधलेले. खुर्ची दिली तर बसले नाहीत, दगडाच्या ढिगाला टेकून उभे राहिले. बोलण्यावरून वाटलं कुठल्यातरी खेड्यातलेच असावेत. हजेरीपट हातात घेऊन म्हणाले, "बायांनो, मी नाव वाचीन. बाईनं पुढं यायचं अन् मालकाचं नाव सांगायचं. कागदावरच्या नावाशी जुळलं की झालं."

बन्सीधर कारकुनाला ह्यात काही अवघड वाटलं नाही. उलट बरं वाटलं असेल, कारण नवऱ्यांसकट सगळी नावं त्यानं त्याच सकाळी आमाला दोन-दोन वेळा ऐकवली होती. शहरातला माणूस, त्याच्या घरी कदाचित घेतही असतील नावं रोज. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात एकदा घेते, उखाण्यात, तेही मागून सासरच्यांनी ढकललं म्हणून. त्यानंतर 'ते', 'हे', 'घरचे', 'आमच्या बाळूचे वडील'. नवऱ्याच्या नावाचा गावात दुसरा माणूस असला तर त्यालाही नावानं हाक मारत नाही.

पहिली वीस नावं गोडीत झाली. बाई पुढं जायची, लाजायची, अन् शेजारीण तिच्या वतीनं नवऱ्याचं नाव सांगायची. साहेबांना ते माहीत होतं, ते शेजारणीकडंच बघायचे. माझ्या वेळेला कुसुमबाई म्हणाली, "दत्तराव." मी ढिगाआड गेले, पदर ओढला अन् परत ओळीत आले.

"तानुबाई."

मी पुढं गेले.

"मालकाचं नाव?"

मी कुसुमबाईकडं बघितलं. कुसुमबाईनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला घेतली. दुसरीकडं बघितलं, तिकडं कस्तुराबाई उभी होती, पदर वर सारून. अन् पलीकडं खदानीच्या कडेला पुरुष काम थांबवून बघायला आले होते. त्यात आमचे घरचे होते, खांद्यावर पहार घेऊन.

"सांगा बाई, लाजू नका," साहेब म्हणाले. "शेजारीण सांगत नसंल तर उखाण्यात घ्या."

कारकून मागून पुटपुटला, "व्यं... व्यं..."

शाळकरी पोरीला सांगतात तसं. माझा घसा असा कोरडा पडला की जीभ टाळूला चिकटली. सुकडीचा पुडा डोळ्यांपुढं आला, लेकरांच्या पांढऱ्या मिशा आल्या. दुसऱ्याच्या नावाला हजर म्हणणं निराळं, ते मी म्हणले असते. पण दुसऱ्याच्या नावानं कुंकू लावायचं, अन् स्वतःचा माणूस पहार घेऊन समोर उभा असताना? मी डोळे मिटले अन् तोंडाला जे आलं ते म्हणून टाकलं:

"खडी फोडू फोडू झिजला हातोडीचा दांडा,
दत्तरावांचं नाव घेते, दुसऱ्याचं नका मांडा."

खदानीकडून कोणीतरी शीळ घातली.

साहेबांनी हजेरीपट बघितला. मग मला बघितलं. "बाई, इथं व्यंकटराव लिहिलंय. अन् तुमी मघाशी एकदा येऊन गेल्या वाटतं."

"बाई गडबडली साहेब," कारकून म्हणाला. "अडाणी आहे, चुकून..."

"कारकून, बाई तारीख चुकंल, वार चुकंल. ह्यात चुकत न्हाई." साहेब वळून म्हणाले, "ह्या गावात व्यंकटराव कोण?"

"आमचं घर हाय ते," कस्तुराबाई म्हणाली. आवाज खदानीपर्यंत गेला. "अन् त्या घरात एकच बायको हाय. मी. माझं नाव वर येऊन गेलंय. ही तानुबाई कोण, ते तुमी लिहिणाऱ्याला विचारा. मला बी ऐकायचंय."

साहेबांनी पुढची दहा नावं वाचली. दहा वेळा कोणी पुढं आलं नाही. ढिगाआड गेलेल्या बाया तिथंच बसून राहिल्या. मनकर्णाचा हसण्याचा आवाज तेवढा येत होता, तिनं पदर तोंडात कोंबला होता तरी. प्रत्येक नावावर साहेबांनी लाल शाईनं आडवी रेघ ओढली.

बन्सीधर कारकुनाचा चेहरा उतरला. मला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. पण माणूस बुडायला लागला की जवळच्याला धरतो. त्यानं मालनबाईकडं बोट केलं. निळंच बोट.

"साहेब, हे सगळं ह्या बाईनं शिकवलंय. हिला मी हलकं काम दिलं, तर ही बायांना फितवते. अन् हिच्या पाण्याची तक्रार आहे. निम्म्या बाया पीत नाहीत. आजच हिला पाण्यावरून काढतो, हिच्यामुळं कामाला खोळंबा होतो."

साहेब आमच्याकडं वळले. "पाण्याची तक्रार आहे का?"

हा प्रश्न उखाण्याहून अवघड होता. खरं सांगायचं तर तक्रार आमी तोंडानं कधी केली नव्हती, पण रोज घरून तांब्या आणून करत होतोच. मालनबाई घागर कडेवर घेऊन उभी होती. तिनं आमच्याकडं बघितलं नाही. ती वाकड्या हातानं घागरीचा काठ पुसत होती, पुसलेलाच पुन्हा पुसत होती. तिची दोन लेकरं, सासू, नागनाथचा दमा, सगळं त्या घागरीवर होतं, अन् ती घागर आता आमच्या तोंडावर होती.

अन् मला तहान लागली होती. हे लोकांना मोठेपणाचं वाटतं, पण तसं नव्हतं. त्या उखाण्यानं माझा घसा जळत होता, अन् माझा तांब्या तिकडं दगडाजवळ उन्हात तापलेला.

मी तिच्यापुढं गेले अन् ओंजळ धरली. म्हणलं, "मालनबाई, पाणी द्या."

तिनं एकदाच वर बघितलं. मग तांब्या वाकवला. मी ओंजळभर प्याले, मग आणखी एक, मग आणखी. गार पाणी होतं. महिनाभर ते गार पाणी माझ्यासमोरून जात होतं अन् मी चहासारखं पाणी पीत होते. अशी अक्कल.

माझ्यामागं कुसुमबाई आली. मग ढिगाआडून मनकर्णा अन् तिच्यामागं बाकीच्या. ओळ लागली. ज्यांना तहान होती त्याही आल्या अन् नव्हती त्याही. शेवटी कस्तुराबाई राहिली. सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"मी माझा तांब्या आणते," ती म्हणाली, "अन् आणणार. पण तक्रार न्हाई. तक्रार असती तर मी सांगितली असती, मला तोंड हाय."

साहेब म्हणाले, "ते आमाला समजलं." अन् हजेरीपटावर मालनबाईच्या नावापुढं काहीतरी लिहिलं. तिनं लांबूनच वाचलं अन् संध्याकाळी आमाला सांगितलं. लिहिलं होतं, 'पाणी वाटप, कायम ठेवावे.' काम होतं तोवर ती घागर तिच्याच कडेवर राहिली.

बन्सीधर कारकुनाला काढलं नाही. त्याला दुसऱ्या कामावर पाठवलं म्हणे, कुठं ते सांगितलं नाही. वरपर्यंत म्हणजे कुठवर, तेही कधी कळलं नाही. पण आमच्या टोळीत पुढच्या आठवड्यापासून ढीग वीस नावांवर वाटला गेला. नवा कारकून आला तो हजेरीपट झाकून ठेवायचा. मालनबाई त्याला म्हणाली, "साहेब, झाकू नका. उघडा असला की मला बी अभ्यास व्हतो." त्यानं उघडा ठेवला. दर शनिवारी भाकरीनंतर ती आमाला आमचीच नावं वाचून दाखवायची, अन् आमी खाली किती नावं आहेत ते विचारायचो. ती म्हणायची, "वीस. सगळ्याचे नवरे घरचेच."

दुष्काळ सरल्यावर ती गावच्या बालवाडीत लागली. सुकडी वाटायची. माझ्या लेकरांनाही तिनंच वाटली, अन् एका मुठीहून जास्त कोणाला दिली नाही, मला तर नाहीच. मी एकदा म्हणलं, "मालनबाई, ओळख ठेवा जरा." ती म्हणाली, "ठेवलीय न्हवं. म्हणूनच मोजून देते." ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या घराच्या दारावरच्या पाटीवर आजही तिच्या हातचं नाव आहे, वाकड्या मनगटानं लिहिलेलं, अक्षरं सगळी पुर्णेकडं कललेली.

पण त्या सोमवारचं सांगायचं राहिलं. संध्याकाळी घरी आलो. जेवताना आमचे घरचे म्हणाले, "आज माझं नाव घेतलंस म्हणं."

"घ्यावं लागलं," मी म्हणलं.

"लग्नात घेतलं होतं, त्यानंतर आजच."

"मग काय रोज घ्यायचं का? कारकून लागतो त्याला."

ते हसले, अन् भाकरीचा मोठा तुकडा माझ्या ताटात सारला. सुकडीचा जादा पुडा काही आला नव्हता.

सकाळी कामाला निघाले तेव्हा त्यांनी पाठीमागून हाक मारली. "तांब्या राहिला की तुझा."

मी वळले नाही. म्हणलं, "राहिला न्हाई. मीच ठेवलाय घरी."